शतकाचा हिशेब मांडायला कागद लागतात

१ मे २०६० रोजी महाराष्ट्र राज्य शंभर वर्षांचे होईल. त्या दिवशी काय होईल, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी नको. महोत्सवी वर्षांचा आपला साचा पक्का आहे. वर्ष-दीड वर्ष आधी मंत्रिमंडळाची उपसमिती, मग सल्लागार समिती, मग बोधचिन्हाची स्पर्धा आणि शेवटी एखाद्या चालू योजनेच्या नावाआधी चिकटवलेला ‘शताब्दी’ हा शब्द. २०१० साली राज्याचा सुवर्णमहोत्सव झाला तेव्हा ‘सुवर्णजयंती’ हा शब्द नगरोत्थान महाअभियानाला लागला. त्या अभियानातून रस्ते झाले, गटारे झाली; पण नावातली जयंती कशाची, हे आज किती नगरपालिकांत कुणाला आठवत असेल? २०२० चा हीरकमहोत्सवी महाराष्ट्र दिन टाळेबंदीत गेला. आता पुढचा मोठा टप्पा २०३५ चा, पंचाहत्तरीचा, आणि त्यानंतर थेट शताब्दीचा. शताब्दीची तयारी २०५८ साली सुरू करून भागणार नाही. ती आत्ताच सुरू करायला हवी, आणि तीही मांडवापासून नव्हे, कागदपत्रांपासून. राज्याची शंभर वर्षे साजरी करायची तर शंभर वर्षांत काय बोललो, काय केले आणि काय राहिले, हे सांगता आले पाहिजे. ज्या दुकानात वह्याच लिहिल्या जात नाहीत, तिथे दिवाळीला वहीपूजन कितीही थाटात झाले तरी नफा-तोटा कळत नाही.

हे राज्य नुसत्या घोषणांनी मिळालेले नाही. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये शंकरराव देव यांच्या पुढाकाराने संयुक्त महाराष्ट्र परिषद उभी राहिली. राज्य पुनर्रचना आयोगापुढे मराठी माणसांची बाजू मांडायची तर भावनेच्या जोडीला जनगणनेचे तक्ते, व्यापाराचे आकडे, महसुलाची पत्रके लागणार होती. त्या कामात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अभ्यासकांचा मोठा वाटा होता. आयोगाने मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र नाकारला, रस्त्यावर रक्त सांडले, आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात टिळक स्मारक मंदिरात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समिती जन्माला आली. श्रीपाद अमृत डांगे, एस. एम. जोशी आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष एका झेंड्याखाली आले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत पुण्यातून ना. ग. गोरे यांनी काकासाहेब गाडगीळांसारख्या मातब्बराला हरवले. ही सगळी घडामोड फार जुनी नाही. तरीही या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा कुठे १०५, कुठे १०६ तर कुठे १०७ असा छापून येतो. लढ्यात उतरलेल्या सुमतीबाई गोरे, तारा रेड्डी, चारुशीला गुप्ते, कमलाताई मोरे अशा स्त्रियांची नावे शालेय पाठ्यपुस्तकात ओळीने येतात, पण त्यांनी नेमके काय केले हे विद्यार्थ्याला कळत नाही. सत्तर वर्षांत हुतात्म्यांच्या यादीवरही आपले एकमत होत नसेल, तर शंभराव्या वर्षी आपण मानवंदना कुणाला देणार?

ही तयारी आत्ताच का, याचे पहिले कारण वयाचे आहे, आणि ते समित्यांच्या वेळापत्रकासाठी थांबत नाही. १९५६ साली मोर्चात चालणारा वीस वर्षांचा तरुण आज नव्वदीला टेकला आहे. १ मे १९६० ला पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाणारी मुलेही आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. १९७२ च्या दुष्काळात ऐन विशीत खडी फोडायला गेलेली आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर पोरे जगवलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेली. त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना आकाराला आली, वि. स. पागे यांच्या कल्पनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि २००५ साली देशाने त्याच धर्तीवर कायदा केला. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या मोजक्या मोठ्या कल्पनांतली ही एक. पण तिची हकिगत मंत्रालयातल्या टिपणांतून कळते तितकी तिच्यावर राबलेल्या माणसांच्या तोंडून नोंदलेली नाही. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतले विस्थापित, मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपातले कामगार, किल्लारीच्या भूकंपातून वाचलेली माणसे या सगळ्यांबाबत हेच म्हणता येईल. २०६० साली यांतले बहुतेक बोलायला नसतील. साक्ष घ्यायची तर येत्या दहा वर्षांत घ्यावी लागेल. त्यानंतर उरतील त्या फक्त ऐकीव गोष्टी.

दुसरे कारण कागदाचे आहे, आणि ते अधिक विचित्र आहे. पुण्यात कौन्सिल हॉलजवळच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. अडीचशे वर्षांपूर्वीचा तो हातकागद आणि त्यावरची शाई आजही वाचता येते. त्याच दफ्तरातून १९३० च्या दशकाच्या आरंभी गो. स. सरदेसाई यांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले. त्या मानाने १९६० नंतरच्या महाराष्ट्राचा कागद फारच दुबळा आहे. लाकडाच्या स्वस्त लगद्यापासून केलेला वर्तमानपत्री कागद काही दशकांत पिवळा पडतो, कडा मोडू लागतात. नव्वदच्या दशकातल्या फॅक्सच्या कागदावरची अक्षरे तर पुसूनच गेली. फ्लॉपीतल्या फायली उघडायला यंत्र मिळत नाही. आणि यंत्र मिळाले तरी मराठीपुरता आणखी एक घोळ आहे. युनिकोड रुळण्याआधीची पंधरा-वीस वर्षे आपण श्रीलिपी, आयएसएम अशा प्रणालींतल्या निरनिराळ्या फॉन्टांत मराठी लिहीत होतो. त्या काळातली सरकारी परिपत्रके, मासिके, अहवाल, पुस्तके आजच्या संगणकावर उघडली तर मराठीच्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या काळातले पत्र मोडी शिकलेला माणूस वाचू शकतो, पण १९९८ सालचा एखाद्या जिल्हा परिषदेचा अहवाल त्याच जिल्हा परिषदेच्या संगणकाला वाचता येत नाही. यावर उपाय नाही असे मात्र नाही. श्रीलिपी काय किंवा सीडॅकचे आयएसएम काय, हे तंत्रज्ञान पुण्यातच घडले. जुन्या फायलींचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी माणसे आणि ज्ञानही इथेच आहे. ती माणसे आहेत तोवर हे काम सोपे आहे. नंतर ते लिपी उकलण्याइतके अवघड होईल.

कागद नुसते झिजत नाहीत, जातातही. राज्य स्थापन होऊन पुरते सव्वा वर्षही झाले नव्हते तेव्हा, १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या दिवशी घरादारांबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची कागदपत्रेही चिखलात गेली, याची मोजदाद कधी झाली नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली; माणसे दगावली आणि असंख्य फायली जळाल्या. हे मोठे अपघात म्हणून आपल्याला ठाऊक आहेत. बिनबोभाट होणारे नुकसान याहून मोठे आहे. पुणे महापालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे आली. गाव शहरात आले की ग्रामपंचायत बरखास्त होते. मग तिची प्रोसिडिंग बुके, कर आकारणीच्या नोंदवह्या, ग्रामसभांचे ठराव यांचे पुढे काय होते? कागदावर ते महापालिकेच्या ताब्यात जातात. पण एखाद्या गावाने शेती सोडून इमारती कशा आणि का स्वीकारल्या, हे शोधणाऱ्याला ते सहज हाती लागतील अशी व्यवस्था नाही. पुण्याभोवतीच्या गावांचे शहर होणे ही महाराष्ट्राच्या या शतकातली मध्यवर्ती घटना आहे, आणि तिचा सगळ्यात विश्वासू साक्षीदार ती प्रोसिडिंग बुकेच आहेत. राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ सालचा आहे. कार्यालयांनी अभिलेख जपावेत, कार्यपद्धतीशिवाय नष्ट करू नयेत, असे तो सांगतो. कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती अभिलेख हा रद्दीचा प्रश्न नसून राज्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, या जाणिवेची.

पण कागद जपायचे कशासाठी? नुसत्या इतिहासप्रेमासाठी नव्हे. राज्य म्हणजे माणसांनी एकमेकांना दिलेल्या शब्दांची बेरीज असते, आणि महाराष्ट्राच्या बाबतीत हे शब्द लेखी आहेत. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार हा त्यांतला सर्वात महत्त्वाचा. विदर्भ आणि मराठवाड्याला निधी, नोकऱ्या आणि उच्च शिक्षणात योग्य वाटा मिळेल, विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला होईल, असे त्यात ठरले. पुढे घटनेच्या ३७१ (२) कलमात प्रादेशिक समतोलाची तरतूद आली. तीस वर्षांनी हा शब्द किती पाळला हे पाहण्यासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिने १९८४ साली सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा सुमारे २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे ३७ टक्के होता. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ ची स्थिती धरून हाच आकडा चौदा हजार कोटींच्या घरात नेला. २०१३ साली विजय केळकर समितीने विकासाकडे पाहण्याची वेगळीच मोजपट्टी वापरली. तिन्ही समित्यांत विद्वान माणसे होती, तिघांचेही काम मोलाचे. पण प्रत्येकीचे माप वेगळे असल्याने १९६० पासून आजपर्यंतची एक सलग रेघ सामान्य वाचकाला काढता येत नाही. अनुशेष वाढला की घटला, या साध्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या-त्याच्या सोयीने दिले जाते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्राच्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी, म्हणजे राज्याच्या साठाव्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी संपली. त्या योगायोगाची दखलही फारशी कुणी घेतली नाही.

दिलेल्या शब्दांचा हिशेब न ठेवणाऱ्या राज्यांचे काय होते, हे पाहायला फार लांब जायला नको. भाषावार राज्याच्या चळवळीत आंध्र आपल्या पुढे होता. १९५६ साली तेलंगण आणि आंध्र एकत्र आले तेही एका लेखी कराराच्या आधारावर. ‘जंटलमन्स ॲग्रीमेंट’ म्हणून तो ओळखला जातो. नोकऱ्या, निधी, सत्तेतला वाटा या बाबतींतली त्यातली आश्वासने पाळली गेली नाहीत, ही तेलंगणची तक्रार दशकानुदशके धुमसत राहिली आणि २ जून २०१४ रोजी राज्य दुभंगले. त्या संयुक्त राज्याला साठीही गाठता आली नाही. बिहारने २०१२ साली बंगालपासून वेगळे झाल्याची शंभर वर्षे मोठ्या उत्साहाने साजरी केली, पण त्याआधी बारा वर्षे झारखंड वेगळा होऊन गेला होता. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याची शताब्दी २००७ साली झाली तेव्हा मूळनिवासी समाजातल्या काही गटांनी उत्सवालाच विरोध केला. राज्यत्व मिळाले म्हणजे आमच्या जमिनी गेल्या, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या देशात भाषेच्या आधारावर वेगळा प्रांत मिळवण्याचा पहिला मान ओडिशाचा. १ एप्रिल १९३६ चा तो दिवस, म्हणजे २०३६ साली तिथे शताब्दी येते आहे, आणि ते साल धरून तिथल्या सरकारने विकासाची उद्दिष्टे जाहीर केली आहेत. ही उद्दिष्टे गाठली की नाहीत हे कोण आणि कशाच्या आधारे सांगणार, त्यावर त्या शताब्दीचे मोल ठरेल. आपल्यासाठी तो चोवीस वर्षे आधी मिळणारा धडा आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. शेतकरी कर्जात आहे, गावे टँकरवर आहेत, पुण्यात अर्धा दिवस वाहतूक कोंडीत जातो आणि तुम्ही पस्तीस वर्षांनंतरच्या सोहळ्याचे काय घेऊन बसलात? आक्षेप प्रामाणिक आहे, पण तो नोंदींच्या विरोधात जात नाही, उलट बाजूनेच उभा राहतो. टँकर कोणत्या गावाला किती वर्षे लागतो आहे, त्या गावात जलसंधारणाची कोणती कामे कोणत्या साली मंजूर झाली, त्यांतली किती झाली, हे एका जागी सलग मिळत नाही म्हणून तर तीच कामे नव्या नावाने पुन्हा मंजूर होतात. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षात, सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची बैठक छत्रपती संभाजीनगरला झाली आणि हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. अशा बैठका आधीही झाल्या होत्या. आधीच्या बैठकीतल्या घोषणांची स्थिती काय, असा प्रश्न दर वेळी विचारला जातो आणि दर वेळी उत्तर पत्रकारांनाच शोधून काढावे लागते. घोषणेबरोबर तिचा पाठपुरावा नोंदवणारी कायमची वही असेल तर ती आजच्याच नागरिकाच्या कामाची आहे. शताब्दी हे त्या कामाला लावलेले एक तारखेचे बंधन, इतकेच. २०४७ साठी ‘विकसित महाराष्ट्रा’चे आराखडे आताच होत आहेत, त्यांना पस्तीस वर्षे नाही पण वीसेक वर्षे लांबची तारीख चालते, मग २०६० च का लांब वाटावे?

दुसरा आक्षेप जरा वेगळा. लोकांना उत्सव हवा असतो. कागदांच्या गाठोड्यांनी कुणाचे मन भरून येत नाही. हेही खरे आहे. ज्या चळवळीने अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्या डफावर गावे जागवली, अत्र्यांच्या ‘मराठा’ने रोज सकाळी वाचकांना हसवत-चिडवत रस्त्यावर आणले, त्या चळवळीच्या वारसदारांना गाणे-बजावणे नको म्हणणे हा करंटेपणा होईल. शताब्दीला पोवाडे हवेत, मिरवणुका हव्यात, रोषणाईही हवी. पण तारखेसाठी घाईने उभी केलेली वस्तू कशी निघते, याचा धडा आपल्याला ताजा मिळाला आहे. मालवणला राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचे ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचे जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झाले, स्मारक मात्र अजून समुद्राबाहेर आलेले नाही. याउलट, २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्यामागे रंगनाथ पठारे समितीने पुराव्यांनिशी सिद्ध केलेला अहवाल होता. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले तेही तपशीलवार प्रस्तावाच्या बळावर. हे दोन्ही आनंदाचे क्षण आले ते ज्यांनी आधी कागद नीट केले त्यांच्यामुळे.

तिसरा आक्षेप सर्वात गंभीर आहे. असा हिशेब मांडायला गेलात तर जुनी भांडणे उकरली जातील. वेगळ्या विदर्भाची मागणी करणारे म्हणतील, आम्हाला ही शताब्दीच मान्य नाही. राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. सीमाभागातली माणसे विचारतील, बेळगाव, निपाणी, कारवारच्या आम्हा लोकांचे १ मेशी नाते काय? भांडणे झाकून ठेवली तर ती मिटतात, यावर भरवसा ठेवणाऱ्यांनी पुन्हा एकदा आंध्राकडे पाहावे. ज्याचा निकाल लागायचा आहे अशा वादाला तर कागदांचीच सर्वात जास्त गरज असते. सीमाप्रश्नी महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही आपली चार सूत्रे. त्यांतले प्रत्येक सूत्र शेवटी जनगणनेचे तक्ते, शाळांचे पट, ग्रामपंचायतींचे ठराव यांवर उभे राहते. विदर्भाच्या बाबतीतही तेच. शताब्दीच्या नोंदीत वेगळ्या विदर्भाची बाजू, बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांच्यापासून आजवरची, पूर्ण ताकदीने यायला हवी. महाराष्ट्रात राहण्याने विदर्भाचे भले झाले, असे म्हणणाऱ्यांनी ते आकड्यांनी दाखवावे. नुकसान झाले म्हणणाऱ्यांनीही आकड्यांनीच. दोघांना एकच वही मिळाली तर वाद संपणार नाही कदाचित, पण निदान तो एकाच विषयावर होईल. आणखी एक गोष्ट. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मराठी मातृभाषा असलेले दहांपैकी सुमारे सात. उरलेल्या तिघांचे श्रमही या राज्याच्या शंभर वर्षांत आहेत. भिवंडीचे यंत्रमाग, मुंबईच्या गोद्या, पुण्याच्या आयटी कंपन्या त्यांच्याशिवाय सांगता येणार नाहीत. भाषेच्या नावाने मिळालेले राज्य या माणसांची नोंद मोठ्या मनाने ठेवते की नाही, यावरून त्याची शंभरी पारखली जाईल.

मग करायचे काय? राज्याच्या पहिल्या वर्षानेच त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. १९६० साली यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे सोपवले. त्यातून मराठी विश्वकोश निघाला. पहिला खंड १९७६ साली आला आणि विसाव्या खंडापर्यंत पोचायला आणखी कित्येक वर्षे लागली. मंडळ स्थापन करणाऱ्यांना हे काम आपल्या कारकिर्दीत पुरे होणार नाही हे ठाऊक होते, तरी त्यांनी ते सुरू केले. १९६१ चा जिल्हा परिषद कायदा, १९६७ साली पुण्यात उभी राहिलेली बालभारती, हे त्याच दूरदृष्टीचे. पुण्याला तर लांब पल्ल्याच्या कामांची सवयच आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पूर्ण केली. सत्तेचाळीस वर्षे, दोन महायुद्धांमधला आणि नंतरचा काळ, पैशांची चणचण, संपादकांच्या पिढ्या बदलल्या, पण काम थांबले नाही. श्री. व्यं. केतकरांचा ज्ञानकोश तेवीस खंडांचा. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून कागद गोळा करते आहे. यांच्यापुढे २०६० ही तारीख काही अशक्य नाही.

म्हणून मागणी अशी आहे. राज्य सरकारने कायद्याने एक स्वायत्त शताब्दी अभिलेख मंडळ स्थापन करावे. त्याचे मुख्यालय पुण्यात असावे, पण नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर आणि रत्नागिरीला त्याच्या तितक्याच समर्थ शाखा असाव्यात. त्याचे सदस्य सरकार बदलले म्हणून बदलू नयेत. त्याच्याकडे तीनच कामे असावीत. पहिले, १९४६ पासूनचे राज्याचे कागद, खासगी संग्रह, जिल्हा वृत्तपत्रांच्या फायली आणि युनिकोडपूर्व मराठी मजकूर वाचवणे. मूळ प्रती जपून, नुसत्या स्कॅन करून नव्हे. दुसरे, प्रत्येक जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या मदतीने साक्षी नोंदवणे, आणि त्यात स्त्रिया, भूमिहीन, विस्थापित, आदिवासी यांचा क्रम आधी लावणे, कारण त्यांच्या हकिगती कागदावर सर्वात कमी आहेत. तिसरे, नागपूर करारापासून आजच्या अर्थसंकल्पापर्यंत राज्याने दिलेल्या शब्दांची यादी करून, एकाच मोजपट्टीने, दर दहा वर्षांनी त्यांची स्थिती प्रसिद्ध करणे. देणे आणि येणे दोन्ही बाजूंनी. रोजगार हमी, २००२ चा माहिती अधिकार कायदा, सहकार यांसारखी पुण्याईही त्यात आली पाहिजे आणि अनुशेष, धरणग्रस्त, पाण्याचे वाटप हेही.

याची पहिली परीक्षा १ मे २०३५ रोजी, राज्याच्या पंचाहत्तरीला व्हावी. त्या दिवशी मंडळाने पहिला संपूर्ण अहवाल विधानसभेपुढे ठेवावा आणि त्यावर पूर्ण दिवस चर्चा व्हावी. पुणे महापालिकेला मंडळाची वाटही पाहायची गरज नाही. आपल्यात विलीन झालेल्या गावांची प्रोसिडिंग बुके एका जागी आणून अभ्यासकांना खुली करणे तिला एका ठरावाने करता येईल. शताब्दीच्या समितीत कोण असेल हे २०५८ सालचे मुख्यमंत्री ठरवतील. पण त्या समितीच्या हाती हिशेबाच्या वह्या पडतील की फक्त जुनी भाषणे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही; तो आजच्या सरकारकडे आणि ते निवडून देणाऱ्या आपल्याकडे आहे.